निव्वळ खेळासाठी संगणक : शौक, गरज आणि हिशेब

घरातल्या मुलाला 'गेमिंग पीसी' घेऊन द्यावा की नाही, हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातील उमरगा, कळंब, परंडा यांसारख्या तालुक्याच्या गावांतही तो येऊन पोहोचला आहे. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसे साड्यांचा ढीग समोर असताना मध्येच विचारतात, "चाचा, तुमच्या दुकानात संगणक आहे, तुम्हाला त्यातले कळते. पोरगा लाखाचा संगणक मागतो आहे, द्यावा की न द्यावा?" एकेकाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा या पानावर सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले.

प्रश्न विचारणारे हे बहुतेक लोक पगारदार नव्हेत. कोणाचे वर्ष सोयाबीनच्या पट्टीवर चालते, कोणाचे शेळ्यांच्या बाजारावर, तर कोणाचे आमच्यासारखे उधारीच्या वहीवर. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात अतिवृष्टी झाली. त्यानंतरच्या दिवाळीला पेठेत किती गिऱ्हाईक उतरले हे व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको. अशा जिल्ह्यात एका यंत्रात लाखभर रुपये घालणे ही लहान गोष्ट नाही. दुसरीकडे, खेळ म्हणजे बिघडणे असे म्हणून विषय उडवून लावणेही आम्हाला पटत नाही. कापड घेताना आपण पोत पाहतो, पन्हा पाहतो, रंग जातो का ते पाहतो आणि मग भाव विचारतो. येथेही तोच क्रम ठेवू.

माल काय आहे?

संगणक खेळाचा असो वा हिशेबाचा, त्याची अंगे तीच असतात : प्रोसेसर, रॅम, साठवणुकीची एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि पडदा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासून आमच्या दुकानाची बिले, साठा आणि विवरणपत्रे संगणकावरच होतात. त्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि त्याची कधी गरजही पडलेली नाही. खेळाचा संगणक वेगळा ठरतो तो या कार्डाने, आणि पैशाचा मोठा वाटाही तेच खाते.

कार्डाचे काम समजून घ्यायला यंत्रमागाची शेड डोळ्यापुढे आणावी. प्रोसेसर हा मुरलेला कारागीर आहे. अवघड काम तो भराभर उरकतो, पण त्याचे हात मोजकेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो साधे माग एकाच वेळी चालणारी शेड. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसण्यासाठी सेकंदाला ६० चित्रे लागतात असे धरले, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. एका ठिपक्याचे काम सोपे, पण संख्या अफाट. म्हणून तेथे एका हुशार कारागिरापेक्षा हजारो साधे माग उपयोगी पडतात. एनव्हिडिया कंपनीचे २०२१ मध्ये आलेले आरटीएक्स ३०६० हे मध्यम प्रतीचे कार्ड, त्यात असे ३,५८४ माग आहेत. 'फोर के' पडद्यावर ठिपके चौपट होतात, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार. तितकी शेडही मोठी लागते. त्यामुळे मुलाने 'फोर के' हा शब्द उच्चारला की बापाने खिशावर हात ठेवावा.

जाता जाता सांगतो, संगणक आणि माग यांचे नाते केवळ उपमेचे नाही. फ्रान्सच्या जोसेफ मारी जेकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग उभा केला. सोलापुरी चादरीवरची नक्षी अशाच जेकार्डवर उतरत आली आहे. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच पत्त्यांची युक्ती उचलली. तेव्हा संगणक हा आम्हा कापडवाल्यांना अगदीच परका नाही, दूरचा भाचाच म्हणावा. असो.

आधी लागत लिहा

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. नफा-नुकसानाची उदाहरणे घालताना मास्टर साहेबांचे एकच सांगणे असे, की आधी पूरी लागत लिहा. खरेदीचा भाव म्हणजे लागत नव्हे. हमाली, गाडीभाडे, तूट, सारे धरावे लागते. गेमिंग पीसीच्या बाबतीत लोक नेमके हेच विसरतात. पुढील आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. भाव दर महिन्याला हलतात, म्हणून ते कोणत्याही दुकानाचे कोटेशन समजू नये.

समजा कार्डासह डबा ७०,००० रुपयांना पडला. पडदा १२,०००, यूपीएस ८,०००, कीबोर्ड, माऊस व हेडफोन मिळून ५,०००. झाले ९५,०००. यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे, म्हणजे निव्वळ कराचेच सुमारे १४,५०० रुपये. पाच वर्षांत यूपीएसची बॅटरी एकदा बदलावी लागेल, एखादा पंखा किंवा भाग जाईल, त्याचे १०,००० धरा. पाच वर्षांनी विकायला गेल्यास २०,००० आले तरी नशीब समजावे. म्हणजे ९५ अधिक १० वजा २०, असे ८५,००० रुपये पाच वर्षांत झिजले. वर्षाला १७,०००.

आता चालवण्याचा खर्च. पडद्यासह यंत्र खेळताना ३५० वॅट वीज खाते असे धरू. रोज दोन तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ६०० तास आणि २१० युनिट. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि हे वाढीव युनिट नेहमी वरच्या टप्प्यात मोजले जाते, हे बिल पाहणाऱ्याला कळेल. युनिटला १२ रुपये धरले तर २,५२० रुपये होतात. विकतचे खेळ वर्षाला ४,००० चे. एकूण २३,५२० रुपये. भागिले ६०० तास, म्हणजे तासाला ३९ रुपये.

हाच मुलगा दहावी-बारावीच्या वर्षात असेल आणि वर्षाला २०० तासच बसला, तर झीज तीच १७,०००, खेळ तेच ४,०००, वीज मात्र ८४० ची. एकूण २१,८४०. तासाला १०९ रुपये!

येथे मोठी मेख आहे. आम्ही माग घेतला तर तो जितका जास्त चालेल तितकी मीटरमागे लागत कमी होते आणि फायदा वाढतो. खेळाच्या संगणकाचेही गणित तसेच दिसते, जास्त बसा, तासाचा भाव उतरेल. पण माग चालला की कापड निघते, येथे काय निघते? ६०० तास म्हणजे आठ तासांचे ७५ दिवस. तासाचा भाव १०९ वरून ३९ वर आणायचा असेल तर मुलाने अभ्यासाचे, झोपेचे किंवा दुकानावर बसण्याचे ४०० तास त्यात घातले पाहिजेत. त्या तासांची किंमत कोणत्याही बिलात छापलेली नसते. आमच्या पाहण्यात काही बाप असे आहेत की यंत्रावर पैसे घातलेत म्हणून "आता वापर तरी" असे मुलालाच म्हणतात. पडून राहिलेल्या थानाच्या काळजीने तोट्यात विकणाऱ्या दुकानदारासारखी ही गत आहे.

मात्र एक गोष्ट मुलांच्या बाजूनेही मांडली पाहिजे. घरात अभ्यासाला किंवा धंद्याला संगणक तसाही घ्यायचाच असेल, तर खेळाच्या नावावर सगळे ९५,००० टाकणे अन्याय होईल. साधा संगणक पडद्यासह ४०,००० ला पडतो असे धरले, तर खेळाच्या शौकाचा भार ५५,००० चा. वाद त्या फरकावर करावा, पूर्ण रकमेवर नव्हे.

बाजाराची चढउतार

कार्ड आणि मेमरी हा माल सुतासारखाच भडकतो. २०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे माल अडला, घरी बसलेल्यांची मागणी वाढली, आणि त्यात इथेरियम नावाचे आभासी चलन 'खणणाऱ्यांनी' कार्डे घाऊक उचलली. छापील किमतीच्या दीडपट-दुप्पट भावाने ती विकली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि खणण्यासाठी कार्डांची गरजच संपली. तीच वापरलेली कार्डे मग जुन्या बाजारात येऊन पडली. त्याच वर्षी कापसाची खंडी १ लाख रुपयांच्या वर गेली होती आणि नंतर घसरली, हे सुताच्या व्यापाऱ्यांना आठवत असेल. शिखरावर साठा केलेल्यांचे दोन्हीकडे सारखेच झाले.

२०२५ च्या अखेरीस पुन्हा नवी भानगड उभी राहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर मोठमोठी डेटा केंद्रे उभारली जात आहेत, त्यांनी मेमरीच्या चिपा उचलल्या आणि रॅमचे भाव एकदम चढले. त्यामुळे एखाद्या नातेवाइकाने वर्षभरापूर्वी अमुक रकमेत संगणक जोडला म्हणून आजही तेवढ्यात होईल, असे मुलाने सांगितले तर ताजा भाव काढल्याखेरीज हो म्हणू नये.

वीज, धूळ आणि उन्हाळा

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात ही बाब नसते, म्हणून आम्ही येथे जरा थांबतो.

वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे वीज जाते, हा अनुभव जिल्ह्यात सर्वांचा आहे. बाजारात स्वस्तात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच पेलतो. दुकानातल्या साध्या संगणकाला तो पुरेसा आहे. पण खेळ ऐन रंगात असताना यंत्र ३५०-४०० वॅट ओढत असते, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर तो यूपीएस भार न पेलून तिथल्या तिथे बंद पडतो. म्हणजे असून नसल्यासारखा. किमान १,००० व्हीएचा घ्यावा लागतो. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवायची असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते पाहावे. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगल्या प्रतीचे नवे एसएमपीएस कधी कधी कुरकुर करतात किंवा बंद पडतात. शिवाय बऱ्याच इन्व्हर्टरला मागे 'यूपीएस मोड'चे बटण असते. ते दाबलेले नसेल तर वीज पालटण्याच्या क्षणभरात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. यंत्र जेवढी वीज खाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. ३५० वॅटचा संगणक म्हणजे मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकला असताना, पत्र्याच्या खोलीत लावलेली छोटी शेगडीच. म्हणून कार्ड निवडताना नुसता वेग न पाहता वॅटही पाहावेत. वर सांगितलेले आरटीएक्स ३०६० पूर्ण भारावर १७० वॅट घेते. त्याच वर्गातले २०२३ चे आरटीएक्स ४०६० घेते ११५ वॅट. आपल्या हवेला दुसरे जास्त मानवते.

तिसरी धूळ. कापडाच्या दुकानात तर धुळीबरोबर सुताची तूसही उडते. आमच्या दुकानाचा साधा संगणक उघडला की पंख्यावर गोधडीसारखा थर सापडतो. खेळाच्या संगणकात तीन, चार, पाच पंखे असतात आणि ते जोरात हवा ओढतात, म्हणजे धूळही तितकीच. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा, मात्र पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेच्या झोताने तो उलटसुलट गरागरा फिरला तर त्याची बेअरिंग खराब होते.

इंटरनेटचेही येथेच सांगून टाकतो. आजचे मोठे खेळ १०० जीबीच्या घरात जातात. रोज २ जीबीच्या मोबाईल पॅकवर एक खेळ उतरवायला ५० दिवस लागतील, तेही दुसरे काहीच न पाहता. तेव्हा फायबरची जोडणी घरापर्यंत येत नसेल तर लाखाच्या यंत्राचा विचार तेथेच थांबवावा. खेळताना मध्येच अडकते ते बहुधा इंटरनेटमुळे, आणि महागडे कार्ड घातल्याने ते सुधारत नाही.

मग दुसरे काय आहे?

फोन तर आहेच. बीजीएमआय हा खेळ आपल्याकडे पोरासोरांत किती चालतो ते सांगायला नको, आणि तो मोबाईलचाच खेळ आहे. त्यासाठी संगणक मागणाऱ्या मुलाला काय हवे आहे ते त्याचे त्यालाच ठाऊक नाही असे समजावे.

टीव्हीला जोडायचे कन्सोल हा दुसरा मार्ग. सोनीचे प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले. पुढे त्याचेही भाव वाढले. तेवढ्याच ताकदीचा संगणक त्या पैशात होत नाही, शिवाय तबकडीवरचा खेळ खेळून झाला की विकता येतो. संगणकावरचे खेळ खात्याला बांधलेले असतात, ते परत विकता येत नाहीत. व्यापारी दृष्टीने हा फरक मोठा आहे. म्हणजे निव्वळ खेळच खेळायचा असेल, दुसरे काहीही नाही, तर कन्सोल हा संगणकापेक्षा सरस सौदा ठरतो. पण त्यावर जीएसटीचे विवरणपत्र भरता येत नाही की कॉलेजचा प्रकल्प लिहिता येत नाही.

गेमिंग लॅपटॉप तेवढ्याच पैशात कमी ताकदीचा आणि जास्त तापणारा मिळतो. तरी आपल्या जिल्ह्यासाठी त्याच्या बाजूने एक मुद्दा आहे. बारावी झाली की आपली मुले पुणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर किंवा हैदराबादला शिकायला जातात. दहावीत घेतलेला डेस्कटॉप दोन वर्षांनी घरी पडून राहतो, आणि वसतिगृहासाठी लॅपटॉप पुन्हा घ्यावाच लागतो. वरच्या हिशेबात आम्ही पाच वर्षे धरली आहेत. प्रत्यक्षात दोनच वापरात आली तर तासाचा भाव कोठे जाईल ते वाचकांनीच काढावे.

"यातून कमाई होते"

मुलांचा हा हुकमाचा पत्ता. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. ई-स्पोर्ट्सला केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांतील प्रकार म्हणून मान्यता दिली. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ म्हणून होते, तेव्हा भूजच्या तीर्थ मेहता या तरुणाने 'हर्थस्टोन' या खेळात कांस्य मिळवले. पण हर्थस्टोन हा पत्त्यांचा खेळ आहे. तो साध्या संगणकावर, अगदी फोनवरही चालतो. ज्या 'व्हॅलोरंट'च्या स्पर्धा होतात तो खेळही मुद्दाम हलका बनवलेला आहे. म्हणजे स्पर्धेत उतरायचे म्हणून लाखाचे यंत्र हवे, हे म्हणणे टिकत नाही. आधी साध्या यंत्रावर गावात, तालुक्यात सरस ठरून दाखवावे.

पैसे लावून खेळण्याचे जे ॲप होते, त्यांचा या विषयाशी संबंध नाही, पण लोक गल्लत करतात म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावण्याच्या खेळांना बंदी असून ई-स्पोर्ट्सला व साध्या मनोरंजनाच्या खेळांना मोकळीक आहे. कोणी मुलगा 'गुंतवा आणि जिंका' अशा गोष्टीसाठी संगणक मागत असेल तर तो जुगारच आहे.

खरी कमाई खेळण्यापेक्षा खेळ बनवण्यात आहे. पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा, आपल्याकडच्या पुराणकथांवर आधारलेला खेळ २०२० मध्ये जगाच्या बाजारात आणला. अशा कामाला, त्रिमिती चित्रांना, व्हिडिओ संपादनाला ग्राफिक्स कार्ड लागतेच. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. सोलापूर, इचलकरंजीकडे जेकार्ड आणि छपाईच्या डिझाइनचे काम संगणकावर होते, त्यातही जाणता हात मागणीत असतो. मुलगा असे काही शिकत असेल, केलेले काम दाखवत असेल, तर ते यंत्र खेळाचे राहत नाही, हत्यार ठरते. कारागिराला हत्यार घेऊन देताना हात आखडू नये.

म्हणून आमचे मत असे. आपल्या जिल्ह्यातील सर्वसाधारण घराने निव्वळ खेळासाठी वेगळा संगणक घेऊ नये. परवडत नाही हे कारण आहेच, पण तो परवडण्यासाठी जितके तास लागतात ते तास मुलाकडे नाहीत, हे मोठे कारण आहे. घ्यायचाच असेल तर साधा पण वाढवता येण्याजोगा संगणक घ्यावा. एएमडीच्या रायझन ५६०० जी सारख्या प्रोसेसरमध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आतच असते. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ त्यावर कार्डाशिवाय चालतात. फक्त एसएमपीएस चांगल्या नावाचा ५५० वॅटचा घालून ठेवावा आणि डब्यात कार्डाला जागा राहील असे पाहावे. दोन वर्षांनी मुलाची गोडी टिकली, काही शिकला, तर कार्ड तेव्हा घालता येते. नाही टिकली तर कार्डाचे पैसे वाचले, आणि संगणक दुकानात बसवता येतो.

कमावत्या माणसाची गोष्ट वेगळी. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने, रोखीने, कोणाचे देणे न थकवता एखाद्याने शौक म्हणून घेतला तर त्याला तासाचा भाव विचारायला आम्ही जाणार नाही. लोक मोटारसायकलीवरही पैसे घालतातच.

काही तरुण पाच यंत्रे घालून तासाने खेळायला देण्याचा धंदा विचारतात. येथे मागाचे गणित लागू पडते, यंत्र चालेल तितके बरे. पण आकडे पाहा. पाच यंत्रे ४,७५,०००, फर्निचर, थंडावा, इन्व्हर्टर १,२५,०००. हे ६ लाख चार वर्षांत वसूल करायचे तर महिना १२,५००. जागेचे भाडे ८,०००, वीज ५,००० (दुकानाचा दर घरापेक्षा जास्त), एका मुलाचा पगार ९,०००, इंटरनेट व इतर २,५००. महिना ३७,०००. तासाला ४० रुपये घेतले तर ९२५ तास, म्हणजे प्रत्येक यंत्र रोज सहा तासांहून जास्त चालले तर कोठे खर्च निघतो. सुट्टीत चालेल, पण परीक्षेच्या महिन्यांत काय? शिवाय खेळांची खाती घरगुती वापरासाठी असतात, धंद्यासाठी स्टीमसारख्या कंपन्यांची वेगळी योजना घ्यावी लागते. तालुक्याच्या गावी हा धंदा आम्हाला जड दिसतो.

बिल, हप्ते आणि जुना माल

बरेच व्यापारी बंधू मुलाचा संगणक दुकानाच्या नावावर घेऊन १८ टक्क्यांचा परतावा घ्यावा म्हणतात. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे खासगी वापराच्या मालावर तो परतावा मिळत नाही. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना तर कशावरच मिळत नाही. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा आहे, तोही धंद्यात वापरला तरच. संगणक घरी पोराच्या खोलीत आणि बिल दुकानाच्या फायलीत, हा प्रकार टाळावा.

'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दाला भुलू नये. बँक व्याज घेतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी दाखवते, इतकेच. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत व्याजाच्या भागावर वर १८ टक्के जीएसटी लागतो. व्याज ४,००० असेल तर ७२० रुपये, आणि प्रक्रिया शुल्क वेगळे. रोख घेणाऱ्याने तीच सूट मागून पाहावी, पुष्कळदा मिळते. व्याजापासून दूर राहणाऱ्या वाचकांना तर नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही हे सांगायला नको.

जुना संगणक घेताना दोन गोष्टी. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. कार्यालयांतून निघालेले चौथ्या-सहाव्या पिढीचे संगणक म्हणूनच स्वस्तात फिरत आहेत. त्यात कार्ड घालून 'गेमिंग पीसी' म्हणून विकले जातात. ते घेऊ नयेत. जुने कार्ड घ्यायचे असेल तर समोर अर्धा तास जड खेळ लावून पाहावा. पंखा खरखरला, पडद्यावर रंगीत ठिपके उमटले किंवा यंत्र बंद पडले, तर उठून यावे.

नवा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा हैदराबादेहून आणला तर हजार-दोन हजार वाचतात खरे, पण कार्ड बिघडले की दुरुस्तीलाही तेथेच पाठवावे लागते. तेवढ्या फरकासाठी उमरग्याच्या माणसाने हैदराबाद गाठण्यापेक्षा सोलापूर किंवा धाराशिवचा ओळखीचा दुकानदार बरा. बिलावर संगणक एक नग असे न लिहून घेता कार्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांची नावे आणि अनुक्रमांक वेगवेगळे लिहून घ्यावेत, कारण प्रत्येकाच्या हमीची मुदत निराळी असते आणि क्रमांकाशिवाय हमीचे केंद्र दाद देत नाही. खोकी हमी संपेपर्यंत जपून ठेवावीत.